बसण्याचे पैसे

आज सकाळी ओळखीतल्या एका काकांची पोस्ट वाचली आणि डोके तापले. टोकियोच्या सहलीहून नुकतेच परतलेले काका लिहितात की जपानी माणसाचा प्रामाणिकपणा वगैरे सगळ्या ऐकीव गोष्टी आहेत. तिथल्या शिंजुकू भागातल्या एका बारमध्ये न मागता वाटीभर शेंगा पुढे ठेवल्या आणि बिलात माणशी एक हजार येन जास्तीचे लावले, तेव्हा मराठी पर्यटकांनी सावध राहावे. खाली आभारप्रदर्शनाची रांग लागली आहे. काका, तिथे बसलात किती वेळ, असे मात्र एकालाही विचारावेसे वाटले नाही.

मी टोकियोतल्याच निशी-कासाईत राहते, ऑफिस शिंजुकूच्या पश्चिमेला आहे, आणि ज्या गल्ल्यांबद्दल काकांनी लिहिले आहे त्या ‘गोल्डन गाई’ नावाच्या गल्ल्या मला चांगल्या परिचयाच्या आहेत. सहा अरुंद बोळ, त्यांत दोनशेहून अधिक बार, दुमजली जुनी लाकडी बांधणी आणि जिना असा की वर जाणाऱ्याने खाली येणाऱ्यासाठी थांबावे. एका बारमध्ये पाच-सहा खुर्च्या, फार तर दहा. तुम्ही एक पेला घेऊन दोन तास बसलात तर बार चालवणाऱ्या बाईंच्या रात्रीच्या कमाईचा केवढा भाग तुम्ही अडवलात, याचा हिशेब आपल्या व्यापारी घरांतल्या लोकांना तरी सांगावा लागू नये. वाटीतल्या पदार्थाला ओतोशी म्हणतात आणि तो खुर्चीच्या भाड्यासोबत येतो. ही रीत सगळ्या जपानभर आहे आणि जपानी गिऱ्हाईकही ती निमूटपणे पाळते.

एका संध्याकाळी ऑफिसातली एक ज्येष्ठ सहकारी मला तिच्या नेहमीच्या बारमध्ये घेऊन गेली होती. मालकीणबाई सत्तरीच्या असाव्यात. मी मांस-मासे खात नाही हे सहकारीने सांगताच त्यांनी पुढे ठेवलेली वाटी उचलून घेतली, खाली वाकून काहीतरी शोधले आणि मिठात मुरवलेली काकडी पातळ कापून, वर तीळ भुरभुरून माझ्यापुढे ठेवली. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. बिल त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहून दिले. मला हे सगळे इतके घरचे वाटले की आईला फोन करून सांगितले.

पण ते बिल येण्याआधी जे घडले, त्यामुळे काकांची पोस्ट मला एवढी झोंबली. जिन्यावर धाडधाड पावले वाजली आणि चौघे जण दारात उभे राहिले. पुढच्याच्या हातात काठीला लावलेला फोन होता. त्याने मालकीणबाई, बाटल्यांची फळी, कोपऱ्यातले एक आजोबा आणि आम्ही, सगळ्यांवरून फोन सावकाश फिरवला. मागून आवाज आला, “अरे, बसायचे पैसे घेतात इथे, चल खाली.” अस्सल मराठी. आजोबांनी चेहरा भिंतीकडे वळवला होता. मालकीणबाई पेला पुसत राहिल्या. सहकारीने मला विचारले, हे काय म्हणाले? मी सांगितले की जागा नाही म्हणून परत गेले.

कोणाच्या घरी जाऊन माजघराचे चित्रीकरण करायचे आणि पाणीसुद्धा न घेता निघून जायचे, असे आपण गावाकडे केले असते का? त्या गल्ल्यांमध्ये परवानगीशिवाय चित्रीकरण करू नये अशा पाट्या लावलेल्या आहेत, इंग्रजीतूनही आहेत. त्या वाचायला जपानी यावी लागत नाही.

या गल्ल्या उगाच टिकलेल्या नाहीत, म्हणूनही राग येतो. युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून तिथली वस्ती उभी राहिली, 1958 पर्यंत तिथे चोरटा वेश्याव्यवसाय चाले, आणि कायद्याने तो बंद झाल्यावर बार आले. पुढे लेखक, नाटकवाले आणि सिनेमावाले तिथे बसू लागले. 1980 च्या दशकात टोकियोत जमिनीचे भाव आभाळाला भिडले, तेव्हा अशा वस्त्या रिकाम्या करण्यासाठी गुंड आगी लावत असत. इथल्या लोकांनी आळीपाळीने रात्रीची गस्त घालून आपल्या गल्ल्या राखल्या. एवढे करून राखलेल्या खुर्चीवर बसण्याचे कोणी हजार येन मागितले तर त्याला लूट म्हणायला जीभ कशी रेटते?

आता, भाडे किती ते दारावर लिहिलेले नसते अशीही ठिकाणे आहेत, आणि परक्या माणसाला ते आधी सांगायला हवे, हे मान्य. या गल्ल्या ज्या काबुकिचो भागात येतात, तिथल्या मोठ्या रस्त्यांवर गाठून “या, स्वस्त आहे” म्हणणारे दलाल असतात आणि त्यांच्यामागे गेलेल्यांची खरोखर लूट होते, हेही मान्य. त्यांच्यापासून सावध राहा असे तिथे ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाते. पण त्या दलालांना आणि काकडी कापून देणाऱ्या बाईंना एका पोस्टमध्ये एकत्र बसवणे हा अन्याय आहे, आणि तो आपल्या भाषेत झाला म्हणून मला जास्त लागला.

दुपारी जेवताना मात्र एक गोष्ट आठवली आणि रागाचा रोख बदलला. जिन्यावरून खाली उतरताना त्या चौघांतले एक गृहस्थ म्हणाले होते, “बस साडेआठला निघणार आहे.” सगळ्यांच्या गळ्यात एकाच सहल कंपनीची ओळखपत्रे होती. अशा सहलींच्या कार्यक्रमपत्रिका मी पाहिल्या आहेत. टोकियो महानगर सरकारच्या इमारतीच्या पंचेचाळिसाव्या मजल्यावरून शहराचे दर्शन, सिनेमातल्या गॉडझिला राक्षसाच्या पुतळ्याच्या डोक्यासोबत फोटो, स्थानकासमोरच्या जाहिरातीच्या मोठ्या पडद्यावरचे मांजर, गोल्डन गाई अर्धा तास, मग भारतीय जेवण आणि हॉटेल. लाखो रुपये भरून आलेल्या माणसाला ज्या गावात अर्धा तास मिळतो, तिथे तो फोन फिरवण्याखेरीज काय करणार? गुडघे दुखत असतील, लघवीला जायचे असेल, कोणाला काय विचारावे हे कळत नसेल. त्या गृहस्थांचा चेहरा खरे तर थकलेला होता, उद्धट नव्हता. पंचवीस माणसांचा घोळका सहा खुर्च्यांच्या गल्लीत सोडणाऱ्याने आधी दोन वाक्ये तरी सांगायची होती: दोघे-दोघे जा, दाराशी भाडे विचारा, पटले नाही तर मान लववून पुढे चला.

शिंजुकूला दिवस द्यावा लागतो, आणि घाई असेल तर निदान संध्याकाळ तरी. दुपारी ग्योएन बागेत जावे. पूर्वी राजघराण्याची असलेली ही बाग 1949 साली सर्वांना खुली झाली, तिकीट लागते, दारू चालत नाही, आणि सोमवारी बहुधा बंद असते, म्हणून वार पाहून निघावे. अंधार पडताना त्या सरकारी इमारतीवर जावे. 202 मीटरवरून सगळे शहर दिसते आणि एक येनही पडत नाही. (फुकटच्या या जागेबद्दल काकांनी चकार शब्द लिहिलेला नाही.) पश्चिम दाराजवळच्या ओमोइदे योकोचोत कोंबडीच्या आणि आतड्यांच्या सळयांचा धूर असतो, तिथे माझ्यासारख्यांनी वास घेऊन पुढे जावे. हानाझोनो देवळात नमस्कार करावा, आणि मग त्याला लागूनच असलेल्या गोल्डन गाईत आठ-नऊनंतर शिरावे, कारण त्याआधी निम्मी दारे बंदच असतात. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास असते. ती चुकली की पहाटे साडेचार-पाचपर्यंत बसून राहणारे लोक तिथे नेहमी भेटतात आणि ते गप्पिष्ट असतात.

राहता राहिले ते भारतीय जेवण. परदेशात आपले जेवण शोधणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. साठी उलटलेल्या माणसाला चौथ्या दिवशी वरणभात आठवणारच. पण शिंजुकूत उतरवून पनीर खायला घालणाऱ्या कंपन्यांना तिथली नाकामुराया ही जुनी बेकरी ठाऊक नसावी, याची मला शरम वाटते. दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंगवर झालेल्या बॉम्बहल्ल्याच्या कटातले क्रांतिकारक रासबिहारी बोस 1915 साली जपानला निसटले. त्यांच्या हद्दपारीचा हुकूम निघाला, तेव्हा याच बेकरीच्या मालक सोमा दांपत्याने त्यांना आपल्या आवारात लपवले. पुढे 1918 साली सोमांची मुलगी तोशिको आणि बोस यांचा विवाह झाला. ती 1925 साली, ऐन तारुण्यात गेली. बोसबाबूंच्या आग्रहाने नाकामुरायाने 1927 साली अस्सल भारतीय पद्धतीची कोंबडीची करी विकायला घेतली, आणि स्थानकाच्या पूर्व दारापासून थोड्या अंतरावर ती आजही मिळते. हाडासकट कोंबडी आणि बाजूला भात. शाकाहाऱ्यांनी बसण्याआधी विचारून घ्यावे. एखादी मराठी सहल कंपनी आपल्या लोकांना तिथे नेत असेल तर तिने खाली लिहावे, मी ही पोस्ट आनंदाने दुरुस्त करीन.