सभासद यादी कोणाच्या हातात? ‘५०+१’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

जर्मन फुटबॉल क्लबांमध्ये बहुमत सभासदांकडेच ठेवणाऱ्या ‘५०+१’ या नियमाबद्दल तुम्ही मनापासून आणि तपशिलात लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन आहेत. लाइपझिग क्लबवर चिडणारे जर्मन चाहते लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग या कंपन्यांच्या क्लबांना चालवून घेतात, हा दुटप्पीपणा. गुंतवणूकदारांना अडवल्यामुळेच बायर्न म्युनिकने २०१३ ते २०२३ सलग ११ विजेतेपदं मिळवली. आणि निषेध म्हणून मैदानात टेनिस बॉल फेकणं ही झुंडशाही.

तुमच्या मांडणीत भांडवल आणि मत या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे, म्हणून आधी नियम पाहू. १९९८ मध्ये जर्मनीत व्यावसायिक संघाची वेगळी कंपनी काढायला क्लबांना परवानगी मिळाली. अट एकच होती: त्या कंपनीत ५० टक्के अधिक एक मत मूळ क्लबकडे, म्हणजे सभासदांच्या संस्थेकडे राहिलं पाहिजे. भांडवलाला अशी मर्यादा नाही. डॉर्टमुंड २००० पासून शेअर बाजारात आहे, पण कारभार चालवणारी कंपनी पूर्णपणे मूळ क्लबच्या मालकीची आहे. हेर्था बर्लिनमध्ये २०१९ पासून एका गुंतवणूकदाराने ३७४ दशलक्ष युरो ओतले आणि २०२३ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत उतरला. तेव्हा पैशाला दार बंद आहे असं नाही, आणि पैसा आला की संघ वर जातो असंही नाही.

आता लाइपझिग. २००९ मध्ये रेड बुल या पेय कंपनीने मार्क्रानश्टेट या शेजारच्या गावातल्या क्लबची पाचव्या श्रेणीतली जागा घेतली. क्लबच्या नावात कंपनीचं नाव चालत नाही, म्हणून ‘राझेनबालश्पोर्ट’ असा शब्द घडवला. आद्याक्षरं तीच राहिली, आर आणि बी. कागदावर ५०+१ पाळलं गेलं. मात्र मूळ क्लबचे मतदार सभासद मोजके, बहुतेक रेड बुलशी संबंधित. २०१४ मध्ये तिथली वार्षिक वर्गणी ८०० युरो होती, बायर्नची साठच्या घरात. पैसे भरूनही मताचा हक्क मिळेलच असं नव्हतं. सहकारी साखर कारखान्याची निवडणूक जवळून पाहिलेल्या वाचकाला यातली मेख लगेच कळेल: सभासद यादी ज्याच्या हातात, सत्ता त्याची. चाहत्यांचा संताप नेमका यावर आहे. डॉर्टमुंडला दोन लाखांहून जास्त सभासद आहेत आणि सर्वसाधारण सभेत ते पदाधिकाऱ्यांना जाब विचारू शकतात.

लेव्हरकुसेनचा क्लब १९०४ मध्ये बायर कंपनीच्या कामगारांच्या पुढाकारातून उभा राहिला. २० वर्षांहून अधिक काळ सलग भरीव आधार देणाऱ्याला ५०+१ मधून सूट मिळे; त्याखाली बायर आणि वोल्फ्सबुर्गमागची फोल्क्सवागन बसले, २०१५ मध्ये हॉफेनहाइम क्लबला पैसा पुरवणारे डिटमार हॉपही. पण यांनाही चाहत्यांनी कधीच माफ केलेलं नाही. ‘प्लास्टिक क्लब’ ही शिवी या सगळ्यांनीच खाल्ली आहे. २०२३ मध्ये हॉप यांनी मतांचं बहुमत क्लबला परत दिलं. दुटप्पीपणा आहे तो नियमातल्या सवलतीत, आणि तो काढून टाका असं संघटित चाहते कित्येक वर्षं सांगत आहेत.

बायर्नच्या वर्चस्वाचं दुखणं खरं आहे. त्याचं एक मोठं कारण म्हणजे चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचा पैसा दरवर्षी त्याच दोन-चार क्लबांकडे जातो. फ्रान्समध्ये ५०+१ नाही. तिथे २०११ मध्ये कतारचा पैसा आला आणि २०१३ ते २०२५ या १३ हंगामांत पॅरिस सेंट-जर्मेन क्लबने ११ वेळा लीग जिंकली. गुंतवणूकदाराने स्पर्धा वाढते, हा दावा मला तरी तिथे दिसत नाही.

टेनिस बॉलकडे येऊ. ११ डिसेंबर २०२३ रोजी लीगच्या ३६ क्लबांनी प्रसारण हक्कांच्या उत्पन्नातला ८ टक्के वाटा २० वर्षांसाठी सुमारे एक अब्ज युरोंना विकायची बोलणी करायला मंजुरी दिली. दोन तृतीयांश, म्हणजे २४ मतं हवी होती. बरोबर २४ पडली. हॅनोव्हरच्या मूळ क्लबने आपले व्यवस्थापकीय संचालक मार्टिन किंड यांना विरोधात मत देण्याचा आदेश दिला होता. मतदान गुप्त होतं आणि किंड यांनी आपलं मत उघड केलं नाही. एका मतावर ठरलेल्या निर्णयात त्या आदेशाचं काय झालं, हे कुणालाच तपासता येईना. निषेध पेटला तो इथे. आधी १२ मिनिटांची शांतता, मग चॉकलेटची नाणी, टेनिस बॉल, धूर सोडणाऱ्या रिमोटच्या गाड्या. काही सामने अर्धा तास थांबले. किंड यांचा चेहरा बंदुकीच्या नेमात दाखवणारा फलक मात्र निंद्यच होता, त्याची बाजू मी घेणार नाही. पण बॉल कुणाच्या अंगावर फेकले जात नव्हते. विकायला काढलेला माल म्हणजे थेट प्रक्षेपण, आणि चाहत्यांनी अडवलं तेच. १४ फेब्रुवारी २०२४ ला हा वाटा घ्यायला इच्छुक असलेल्या ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने माघार घेतली, २१ तारखेला लीगने प्रक्रियाच गुंडाळली.

तुम्ही नियमाच्या फटींवर बोट ठेवलं असतंत तर मी लगेच मान्य केलं असतं. हॅनोव्हरच्या क्लबला किंड यांना पदावरून काढायला २०२२ पासून न्यायालयात झगडावं लागलं; जुलै २०२४ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ती हकालपट्टी वैध ठरवली. जून २०२५ मध्ये बाजारातल्या स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या जर्मन सरकारी संस्थेने लीगला बजावलं की लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्गची सूट कायम राहू शकत नाही आणि मतदार सभासदत्व सगळ्याच क्लबांत चाहत्यांसाठी खुलं हवं. लाइपझिगने ते खरोखर खुलं केलं, तर तिथल्या पहिल्या खऱ्या सर्वसाधारण सभेबद्दल इथेच लिहीन.