वाफसा इंग्रजीत कसा लिहायचा?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्याकडं म्हणतात. मी परभणीहून निघाले आणि जर्मनी जराशी हुकली. सीमेच्या अलीकडं, नेदरलँड्समधल्या वाखनिंगनला, मातीवर पीएचडी करायला येऊन पडले.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची भांडणं त्यामुळं मला शिळी करून वाचावी लागतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला, तेव्हापासून मामांनी एकच धोशा लावलाय: आता प्रबंध मराठीतच झाले पाहिजेत. भाऊ म्हणतो, इंग्रजीवाचून आपली पोरं पुण्याला मुलाखतीत मिठाची गुळणी धरून बसतात, अन् तुम्ही अभिजात घेऊन बसलात. दोघांचंही खरं आहे. पण लिहायचं कसं, हे आम्हाला कुठल्याच भाषेत कुणी शिकवलं नाही, त्याबद्दल दोघंही बोलत नाहीत.

एम.एस्सी.चा प्रबंध मी मराठवाड्यातल्याच एका कॉलेजात लिहिला. लिहिला म्हणजे काय, गाईड सरांनी मागच्या वर्षीचा एक प्रबंध हातात दिला आणि म्हणाले, ‘असाच कर.’ मी तसाच केला. आधीच्या संशोधनाचा आढावा म्हणजे पन्नासेक परिच्छेद, प्रत्येकाची सुरुवात ‘अमुक यांनी असे नोंदवले की’. पहिल्याचं दुसऱ्याशी पटतं का, नसेल तर चूक कुणाची, हा प्रश्न ना सरांना पडला ना मला. डीटीपीवाल्या दादानं डावीकडं दीड इंच समास सोडला, काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं ठोकून दिली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी बाइंडिंगचं कौतुक केलं.

इथं पहिलंच प्रकरण परत आलं ते लालेलाल होऊन. ‘हे सर्वज्ञात आहे की’ असं मी इंग्रजीत लिहिलं होतं, त्यापुढं इथल्या गाईड मॅडमचा एक शब्द: ‘कुणाला?’ ‘नमुने गोळा करण्यात आले’ याच्यापुढं: ‘कुणी? पावसाच्या आधी की नंतर?’ (मॅडम म्हणायचं नसतं इथं, नावानंच हाक मारतात. माझी जीभ वर्षभर वळली नाही.)

मला वाटलं, आपलं इंग्रजी कच्चं. ते आहेच. ‘अ’ कुठं लावायचा आणि ‘द’ कुठं, हे मला आजही नीट कळत नाही. मराठीत ती भानगडच नाही. पण ते शेजारच्या टेबलावरचं पोरगं अर्ध्या तासात नीट करून देतं. खरं दुखणं मी एम.एस्सी.च्या वेळचा मराठी अहवाल काढून वाचला तेव्हा सापडलं. ‘करण्यात आले’, ‘आढळून आले’, ‘दिसून येते’. तहसीलच्या नोटिशीसारखं: काम झालेलं असतं, करणारा सापडत नाही. शाळेत कर्मणी प्रयोग ओळखायला दोन मार्क होते. तो कधी वापरायचा आणि त्याच्याआड कधी लपायचं नाही, याला मार्क नव्हते.

मग वाफशावर गाडी अडली. वाफशाला मी लिहिलं होतं, ‘मशागतीस योग्य आर्द्रता’. मॅडम म्हणाल्या, योग्य म्हणजे किती? मी आकडा दिला. तुला तो शेतात कसा कळतो? तेव्हा मी सांगितलं की अण्णा मूठभर माती दाबून गोळा करतात, कमरेच्या उंचीवरून सोडतात. पडून फुटला तर वाफसा, चपटा झाला तर औत घालायचं नाही. त्या म्हणाल्या, हेच लिही. ‘वाफसा’ हा शब्द तसाच ठेवून खाली तीन ओळींत ही रीत लिहिली. अख्ख्या प्रबंधात माझा म्हणावा असा तो पहिला परिच्छेद.

मामांना मला उस्मानियाची आठवण द्यावीशी वाटते. १९१८ मध्ये हैदराबादला ते विद्यापीठ स्थापन झालं ते उर्दू माध्यमाचं. पाठ्यपुस्तकं उर्दूत आणायला वेगळा भाषांतर विभागच होता. देशी भाषेत वरचं शिक्षण, केवढी मोठी गोष्ट! पण मराठवाड्यातून गेलेल्या पुष्कळ पोरांच्या घरात ती भाषा नव्हती. आमच्या आजोबांचं निजामाच्या शाळेत जेवढं झालं तेवढं उर्दूतच झालं. हिशेब शेवटपर्यंत उर्दूत करायचे, शिव्या मात्र मराठीत. भाषा देशी आहे म्हणून सोपी होत नाही. ‘मी करायलेय’ म्हणणाऱ्या जिंतूरच्या पोरीला ‘कार्यवाही करण्यात येत आहे’ हे इंग्रजीइतकंच परकं आहे.

आणि भाऊ समजतो तसं इंग्रजीनं इथं सगळं सुटलंय, असंही नाही. पदवीचे वर्ग पुन्हा डचकडं वळवायचं विधेयक २०२४ मध्ये इथल्या संसदेत आलं, त्यावरून प्राध्यापकांची आपसात जुंपली. मला त्यांच्याकडची एकच गोष्ट उचलावीशी वाटते. इंग्रजीत लिहिलेल्या पुष्कळ प्रबंधांच्या शेवटी काही पानं डच सारांश असतो, आजीला वाचून दाखवता येईल असा. आपल्याकडं प्रबंधाचं माध्यम कुठलंही असो, शेवटी दोन पानं साध्या मराठीत सक्तीची करा. ज्याच्या रानात प्रयोग केला त्याला ती द्या. मामा अन् भाऊ दोघंही याला नाही म्हणणार नाहीत, असं वाटतंय.

तिकडं भाची पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालतं, म्हणून ती रात्र रात्र जागून ‘वाढ’ची ‘वृद्धी’ करतेय. मी म्हटलं, अगं, तुझं काय म्हणणं आहे ते लिही की. ती म्हणाली, मावशी, आधी टक्के उतरू दे.

माझा मराठी सारांश मी छापायच्या आधी अण्णांना पाठवला नाही, ही चूक झाली. प्रबंध हातात आल्यावर पानांचे फोटो पाठवले. दोन दिवसांनी फोन आला. ‘वाचलं माय. चांगलं लिव्हलंस. पण दुसऱ्या पानावर आर्द्रता आर्द्रता काय लावलंस? ओल म्हणायला काय झालतं?’