तळाला बसून कप मिळत असता तर आम्हाला कधीच मिळाला असता

आमच्या मेलबर्नच्या मराठी फुटी (म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) ग्रुपवर गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज फिरतोय. मला चार जणांनी पाठवला, त्यातल्या एकाने तर वर "तू कार्लटनवाला ना, मग नीट वाच" असं टाकून. वाचला बाबा, दोनदा वाचला. म्हणणं थोडक्यात असं: कार्लटनने, म्हणजे माझ्या क्लबने, आता सगळी दुकानदारी मोडून टाकावी, जे विकलं जाईल ते विकावं, पाच वर्षं गपगुमान तळाला बसावं, ड्राफ्टमधले (नवी पोरं निवडायच्या रांगेतले) वरचे नंबर गोळा करावेत, की प्रीमियरशिप, म्हणजे कप, आपोआप येते. पुरावा म्हणून हॉथॉर्न क्लबचं २००४ साल. मग पुढे म्हातारे खेळाडू हाकला, हरण्याने काही बिघडत नाही, ट्रेड करणं (दुसऱ्या क्लबशी खेळाडूंची आणि नंबरांची अदलाबदल) हा आळशी लोकांचा शॉर्टकट, आणि शेवटच्या ओळीत "क्रिप्सलाही विका" (क्रिप्स म्हणजे आमचा हुकमी मिडफिल्डर). त्याखाली अंगठ्यांचा पाऊस.

२०२५च्या ट्रेड पिरियडमधे आमचा चार्ली कर्नो सिडनी क्लबला गेला तेव्हापासून लोक भडकलेत ते मला कळतं, मीही दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. पण भडकणं वेगळं आणि हिशोब चुकवणं वेगळं.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी एवढंच की ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधे आयपीएलसारखी बोली लागत नाही, अठरा वर्षांची पोरं एका रांगेत आणि क्लब दुसऱ्या रांगेत, जो क्लब सीझनमधे सगळ्यात खाली राहिला त्याला पहिला चान्स. १९८६पासून हे चालू आहे. हेतू चांगला आहे, गल्लीत टीम पाडताना ज्याच्याकडे लिंबूटिंबू जास्त त्याला आधी निवडू द्यायचं, तसंच. वाद आहे तो पुढच्या वाक्यावर, की पहिला चान्स मिळाला म्हणजे काम झालं.

तर हॉथॉर्न २००४. मेसेजवाल्याने हे उदाहरण दिलं म्हणून मी त्याचा आभारी आहे, कारण त्याच्याच पुराव्यात त्याचं उत्तर आहे. हॉथॉर्नने त्या वर्षी दुसऱ्या नंबरवर जॅरिड रफहेड, पाचव्यावर लान्स फ्रँकलिन आणि सातव्यावर जॉर्डन लुइस उचलला, २००८ला कप जिंकला, सगळं खरं. पण त्याच ड्राफ्टमधे पहिला आणि चौथा नंबर कोणाकडे होता? रिचमंडकडे. त्यांनी पहिल्यावर ब्रेट डेलीडिओ घेतला आणि चौथ्यावर रिचर्ड टॅम्ब्लिंग, म्हणजे फ्रँकलिनच्या एक नंबर आधी, हे रिचमंडवाल्यांना पुढे दहा वर्षं लोक ऐकवत होते. नंबरच सगळं ठरवत असता तर कप रिचमंडने उचलायला हवा होता. उचलला त्यांनी, पण २०१७ला, तोवर टॅम्ब्लिंग कधीच गेला होता आणि डेलीडिओने बरोबर एक वर्ष आधी जीडब्ल्यूएसला (ग्रेटर वेस्टर्न सिडनी क्लब) ट्रेड मागून घेतली होती. बिचारा. चांगला खेळाडू होता हो, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

मग हॉथॉर्नचं वेगळं काय होतं? त्या तीन पोरांच्या आजूबाजूला कोण होतं ते बघा. ल्यूक हॉज होता, सॅम मिचेल होता (आणि मिचेल २००१च्या ड्राफ्टमधे ३६व्या नंबरवर आलेला, ३६व्या!), शेन क्रॉफर्डसारखा जुना ब्राउनलोवाला (ब्राउनलो म्हणजे सीझनमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल) होता, नवा कोच क्लार्कसन आला होता, आणि २००८साठी त्यांनी रिटायर झालेल्या स्टुअर्ट ड्यूला घरातून उठवून आणला, त्याने ग्रँड फायनलच्या तिसऱ्या क्वार्टरमधे जे केलं ते आजही लोक सांगतात. पुढे २०१३ ते १५ सलग तीन कप, त्यात ब्रायन लेक, जॉश गिब्सन, शॉन बर्गोइन, जॅक गन्स्टन, सगळे बाहेरून आणलेले. आणि फ्रँकलिन २०१३नंतर सिडनीला गेला तर त्याच्याशिवाय आणखी दोन कप. आता याला ड्राफ्टची जादू म्हणायचं असेल तर म्हणा.

आता आमचंच घ्या. "कार्लटनने कधी नीट रिबिल्ड केलाच नाही" असं एक वाक्य मेसेजमधे आहे, ते वाचून मला हसावं की रडावं कळेना. सॅलरी कॅपच्या (खेळाडूंच्या पगारावरच्या मर्यादेच्या) लफड्यात २००२ला दंड झाला, पिक्स, म्हणजे ड्राफ्टमधले नंबर, काढून घेतले, त्यानंतर आम्ही जे तळाला बसलो ते बसलो, आणि मग २००५ला पहिला नंबर मार्क मर्फी, २००६ला पहिला नंबर ब्राइस गिब्ज, २००७ला पहिला नंबर मॅथ्यू क्रूझर. सलग तीन वर्षं पहिला नंबर! याहून जास्त कोणाला काय मिळणार, देव खाली येऊन?

२००७ला मी नुकताच इथे आलो होतो आणि ऑफिसमधला एक सीनियर मला शेवटच्या राउंडची मॅच बघायला एमसीजीला घेऊन गेला, कार्लटन विरुद्ध मेलबर्न. त्या मॅचला पेपरवाले क्रूझर कप म्हणत होते, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे कार्लटन हरलं तर ज्यादाचा प्रायॉरिटी पिक आणि त्यातून क्रूझर, जिंकलं तर नाही. मला नियम कळत नव्हते पण माझ्या पुढच्या रांगेत निळा मफलर गुंडाळलेले एक आजोबा बसले होते, कार्लटनचा गोल झाला की त्यांचे हात टाळीसाठी वर यायचे आणि अर्ध्यातच थांबायचे, मग ते इकडेतिकडे बघून थर्मासमधला चहा ओतायला लागायचे. आयुष्यात पहिल्यांदा मी बघितलं की माणूस स्वतःच्या टीमचा गोल झाल्यावर अवघडतो. हरलो आम्ही. कोणी मुद्दाम हरलं असं सिद्ध झालेलं नाही आणि मी तसं म्हणतही नाहीये. क्रूझर मिळाला. रिचमंडला दुसऱ्या नंबरवर ट्रेंट कॉचिन मिळाला, जो पुढे कॅप्टन म्हणून तीन कप घेऊन गेला.

आणि आमच्या तीन पहिल्या नंबरांचं काय झालं? सगळ्यात पुढे गेलो ते २०११ला, सेमी फायनल, पर्थमधे वेस्ट कोस्टकडून तीन पॉइंटने हरलो. मर्फी बरोबर ३०० मॅच खेळून २०२१ला थांबला, एक ग्रँड फायनल नशिबात नाही. गिब्ज अॅडलेडला गेला. क्रूझरच्या शरीराने साथ दिली नाही. त्यानंतर अजून दोन पहिले नंबर, २०१५ला वाइटरिंग, २०१८ला सॅम वॉल्श, दोघंही झकास खेळाडू. २०१५लाच दहाव्यावर मॅके आणि बाराव्यावर कर्नो, म्हणजे पोरं निवडण्यात आम्ही तेव्हा चुकलोही नाही, दोघांनी मिळून तीन कोलमन मेडल्स (सीझनमधे सगळ्यात जास्त गोलसाठीची) आणली. १३ वर्षांत पाच पहिले नंबर. शेवटचा कप १९९५. हा प्रयोग करून झालाय हो, प्रयोगशाळा आमचीच होती.

"हरण्याने काही बिघडत नाही" हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण ऐकायला शहाणपणाचा वाटतो. इथे मेलबर्न क्लबची, डेमन्सची गोष्ट सांगतो. २००८ला पहिल्या नंबरवर त्यांनी जॅक वॉट्स घेतला. पोरगं अजून शाळेत, बारावीला. २००९च्या जूनमधे क्वीन्स बर्थडेच्या सुट्टीच्या मॅचला, समोर कॉलिंगवूड, त्याला पहिल्यांदा उतरवला आणि बॉल हातात आल्या आल्या समोरची दांडगी माणसं अशी अंगावर आली की तो त्यांच्याखाली दिसेनासाच झाला. ते फुटेज बघा एकदा, आणि मग सांगा काही बिघडत नाही. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमधे डेमन्सकडे पहिला आणि दुसरा असे दोन्ही नंबर, टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह. स्कली दोन सीझन खेळून जीडब्ल्यूएसला निघून गेला. ट्रेंगोव्हला २०१२ला विसाव्या वर्षी जॅक ग्राइम्सच्या जोडीने कॅप्टन केलं, लीगच्या इतिहासात सगळ्यात लहान, कारण त्याच्यावर मोठी माणसं उरलीच नव्हती. मधे २०११ला जिलाँगकडून १८६ पॉइंटने हार, कोचची नोकरी गेली, २०१३ला घरच्या मैदानात एसेंडनकडून १४८ने हार, जूनमधे पुढच्या कोचची नोकरी गेली. वर मुद्दाम हरण्याची चौकशी, ते सिद्ध नाही झालं पण क्लबला पाच लाख डॉलर दंड बसलाच.

आणि २०२१ला ५७ वर्षांनी त्यांनी कप उचलला तेव्हा कॅप्टन कोण? मॅक्स गॉन. तो कुठल्या ड्राफ्टचा? त्याच २००९च्या, स्कली-ट्रेंगोव्हच्या, नंबर ३४. पहिला गेला, दुसरा गेला, डेमन्सनेच घेतलेला अकरावा गेला, अठरावा गेला, ३४वा राहिला, गुडघ्याची ऑपरेशनं करून घेत घेत राहिला.

बरं, त्या कप जिंकलेल्या टीममधे पेट्राका दुसरा नंबर आणि ऑलिव्हर चौथा नंबर होता हे मान्य, वरचे नंबर लागतातच, ते मी नाकारत नाहीये. पण ती पोरं आली तेव्हा नवा कोच पॉल रूस येऊन घर सावरत होता. २०१३ला हातात आलेला दुसरा नंबर त्याने चक्क जीडब्ल्यूएसला देऊन टाकला आणि बदल्यात तयार मिडफिल्डर डॉम टायसन आणि नववा नंबर घेतला, त्या नवव्यावर क्रिस्टियन सेलम आला जो २०२१च्या फायनलमधे खेळला. (त्या दुसऱ्या नंबरवर जीडब्ल्यूएसने जॉश केली घेतला, तो टायसनपेक्षा भारी निघाला, तेही सांगायला हवं नाहीतर तुम्ही सांगालच.) पुढे स्टीव्हन मे, जेक लीव्हर, एड लँग्डन, बेन ब्राउन, सगळे दुसरीकडून आणलेले. २०१६ला तर हॉथॉर्नचा जॉर्डन लुइस, हो तोच २००४वाला, उतारवयात डेमन्सकडे आला, पोरांना हात धरून शिकवायला.

म्हणजे "म्हातारे हाकला" हा मुद्दा तिथेच निकालात निघतो, पण ब्रिस्बेन सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१३ला त्यांची पाच तरणी पोरं एका झटक्यात सोडून गेली, घरी जायचंय म्हणून. त्यातला एलियट यो पुढे वेस्ट कोस्टकडून कप जिंकला. तळाला होते, पिक्स होते, उपयोग शून्य, कारण पोरं राहतच नव्हती. मग फेगन कोच आला आणि २०१८साठी त्यांनी कोणाला आणलं तर तेहतीस वर्षांच्या ल्यूक हॉजला, जो हॉथॉर्नमधून रिटायर होऊन मोकळा झाला होता. आमच्या मेसेजवाल्याच्या हिशोबात हा वेडेपणा. त्याच वर्षाच्या शेवटी लॅकी नील ट्रेडने आला. २०१८ला पंधरावे, २०१९ला दुसरे. २०२४ आणि २०२५ला कप. दोन्ही फायनलचा मॅन ऑफ द मॅच विल अॅशक्रॉफ्ट, तो ड्राफ्टचाच, पण बाप ब्रिस्बेनचा जुना खेळाडू म्हणून फादर-सन नियमाने मिळालेला. २०२२ला त्याच्यावर दुसऱ्या नंबरला नॉर्थ मेलबर्नने बोली लावली (पैशाची नाही, आपल्या नंबरची), ब्रिस्बेनने तिची बरोबरी केली आणि पोरगा घेऊन गेले. त्यामुळे नॉर्थचा दुसरा-तिसरा नंबर आपोआप तिसरा-चौथा झाला. रांगेत पहाटेपासून उभं राहायचं आणि कोणीतरी ओळखीने मागच्या दाराने आत जायचं, असा हा नियम, पण आहे तो आहे.

नॉर्थचं नाव निघालंच आहे तर, जेसन हॉर्न-फ्रान्सिस, २०२१चा पहिला नंबर, एका सीझनमधे पोर्ट अॅडलेडला. एका! मेसेजमधे पाच वर्षांचा प्लॅन आहे, पोरगं पाच वर्षं थांबेल याची गॅरंटी कोणत्या ओळीत आहे ते मला सापडलं नाही. गोल्ड कोस्टकडे तर २०१०च्या एका ड्राफ्टमधे पहिले तीनही नंबर आणि वर अजून ढीगभर. लिंच, प्रेस्टिया, कॅडी तिघंही पुढे रिचमंडचे कप जिंकले, स्टीव्हन मे डेमन्सचा. पीक गोल्ड कोस्टच्या शेतात आलं आणि धान्य दुसऱ्यांच्या कणगीत गेलं. त्यांनी पहिली फायनल्स (सीझननंतरची बाद फेरी) खेळली ती २०२५ला, पंधराव्या सीझनला, पर्थमधे एका पॉइंटने जिंकले आणि तो पॉइंट डेव्हिड स्वॉलोचा, २०१०चा पहिला नंबर, जो कुठे गेलाच नाही. ती मॅच बघताना मी उभा राहिलो होतो, माझी टीम नसताना.

ट्रेड म्हणजे शॉर्टकट, यावर फार लिहीत नाही. जिलाँग वर्षानुवर्षं तळाच्या आसपासही न जाता डेंजरफिल्ड, कॅमरन, आयझॅक स्मिथ आणून २०२२ला ८१ पॉइंटने फायनल जिंकली. मात्र त्यांच्याकडे यायला खेळाडू उत्सुक असतात, समुद्र आहे, निवांत गाव आहे, ते सगळ्यांना जमणार नाही, इथे मेसेजवाल्याला अर्धा मार्क देतो. आणि ट्रेडने हात भाजतातही, आम्ही २००७ला वेस्ट कोस्टच्या क्रिस जडसाठी तिसरा नंबर दिला, विसावा दिला आणि वर जॉश केनेडी दिला. जडने ब्राउनलो आणलं, केनेडीने वेस्ट कोस्टसाठी ७००वर गोल मारले आणि २०१८चा कप घेतला. जखम अजून ओली आहे, मीठ चोळू नका.

राहिलं "क्रिप्सलाही विका, दोन चांगले पिक येतील". अहो तिशी गाठलेल्या मिडफिल्डरचे दोन चांगले पिक कोण देणार, आणि समजा दिलेच, तर त्यातून आपण काय शोधणार? दुसरा क्रिप्सच ना? दोन ब्राउनलो, २०२४चं तर विक्रमी ४५ मतांचं. आणि २०१३च्या ड्राफ्टमधे तो आम्हाला कितव्या नंबरवर मिळाला होता माहितीये? तेराव्या.