एक मीटर स्ट्रिंग

गेल्या आठवड्यात माझ्या मुलीच्या वहीत तांबड्या शाईने एक शेरा आला. वही तिसरीतल्या मुलीची असली तरी शेरा माझ्यासाठी होता. शाळेने हस्तकलेच्या तासाला एक मीटर ‘स्ट्रिंग’ मागवली होती. मी रद्दीच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली, फूटपट्टीने मोजून दिली आणि कर्तव्य संपले असे समजून झोपलो. दुसऱ्या दिवशी सुतळी परत आली. सोबतच्या इंग्रजी शेऱ्याचा अर्थ असा होता, की ही स्ट्रिंग नसून ट्वाइन आहे आणि पालकांनी यापुढे सूचना नीट वाचाव्यात. खाली पालकांच्या सहीसाठी रेघ आखलेली होती.

ज्या गावात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली, ज्याच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि ज्याच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांतून जाताना आजही यंत्रमागांची खडखड कानावर आल्यावाचून राहत नाही, त्या सोलापुरातल्या माणसाला दोरा कळत नाही असे लेखी कळवले जावे, हे मला लागले. तरीही एप्रिलच्या उन्हात, डोक्याला टॉवेल गुंडाळून, मी मधल्या मारुतीजवळच्या एका दोरखंडाच्या दुकानात गेलो. लागणे वेगळे आणि शाळा वेगळी.

“दोरी पाहिजे,” मी म्हणालो.

“कशाला बांधायची?” मालकांनी विचारले.

“कशालाच नाही. शाळेत द्यायची आहे.”

“तसं कसं? जनावर आहे, बाज आहे, का पडदा आहे? ते कळल्याशिवाय दोरी कशी देऊ?”

विचार केला तर माणूस चुकत नव्हता. बैलाला कासरा, गाईला दावे, नाकात वेसण, पायजम्याला नाडी, तान्ह्या बाळाच्या कमरेला करगोटा आणि न थांबता बोलणाऱ्याच्या तोंडी चऱ्हाट, अशी आपली भाषा दोरीला तिच्या कामावरून नाव देते. इंग्रजी मात्र ढोबळमानाने जाडीवरून थ्रेड, स्ट्रिंग, कॉर्ड, रोप अशी चढण चढत जाते. माझ्यापुढची अडचण अशी होती, की माझ्या दोरीला काही कामच नव्हते. ती फक्त बरोबर असायला हवी होती.

दुकानाच्या बाकड्यावर एक आजोबा बसले होते. ते गिऱ्हाईक नव्हते, मालकांचे नातेवाईकही नव्हते. सावली होती म्हणून बसले होते. आपण गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होतो, असे त्यांनी मी न विचारता सांगितले आणि माझ्या हातातली नाकारलेली सुतळी काढून घेतली. त्यांनी ती बोटांत धरून उलटी फिरवली, तशी ती उकलली.

“हे बघा. एकेक पदर एका अंगाला पिळायचा आणि सगळे पदर मिळून उलट्या अंगाला पिळायचे. म्हणजे दोघं एकमेकांना सुटू देत नाहीत. एक पीळ इंग्रजी एसच्या मधल्या रेघेसारखा तिरका दिसतो, दुसरा झेडच्या. मास्तरीणबाईंना एस पाहिजे, का झेड?”

“असे काही लिहिलेले नाही.”

“मग काउंट काय? एका पौंडात आठशे चाळीस वारांच्या वीस लडी बसल्या, तर वीसचं सूत. चाळीस बसल्या, तर चाळीसचं. काउंट न लिहिता सूत मागवतात म्हणजे काय?”

सुंभ जळतो, पण पीळ जात नाही. गिरणीचा भोंगा बंद होऊन कित्येक वर्षे लोटली तरी आजोबांची पाळी काही सुटलेली नव्हती. त्यांना थांबवावे म्हणून मी मोबाइलवर शब्दकोश उघडला आणि स्ट्रिंगचे अर्थ मोठ्याने वाचू लागलो, ही माझी दुसरी चूक. पहिली म्हणजे सुतळी.

“दोरी. तार. माळ. रांग. शेंगेच्या कडेची शीर.”

“थांबा. शेंगेची शीर?”

“हो, घेवड्याची वगैरे.”

“मग इथं कशाला आलात? मंडईतून पावशेर घेवडा न्या. एक मीटर शिरा सहज निघतील, आणि भाजीही होईल.”

कासऱ्यासाठी ताटकळलेला अक्कलकोटकडचा एक शेतकरी हे ऐकून पहिल्यांदाच हसला. मी पुढे वाचले, की या शब्दाच्या अनेकवचनाचा एक अर्थ ‘अटी’ असाही आहे.

“त्या शाळेनं प्रवेशाच्या वेळीच दिल्या असतील की,” आजोबा म्हणाले. “परत आपण कशाला द्यायच्या?”

यावर मला हसता आले नाही, कारण गणवेश, वह्या आणि वह्यांची वेष्टणेसुद्धा अमुकच दुकानातून घेण्याची अट मी सही करून मान्य केलेली आहे. फक्त स्ट्रिंग कुठून घ्यावी, एवढेच स्वातंत्र्य मला दिलेले होते.

दरम्यान मालकांनी आतल्या पोराला तेलुगूत ‘दारम’ म्हणून हाक दिली. पोराने शिलाईच्या दोऱ्याचे रीळ आणले. शेतकऱ्याने मदत करावी म्हणून कन्नडात ‘हग्ग’ म्हटले, तेव्हा पोर आत जाऊन रथ ओढता येईल असा दोरखंड खांद्यावर घेऊन आले. कोणीतरी हिंदीत रस्सी म्हणाले. चार भाषांचा अभिमान बाळगणाऱ्या या शहरात त्या क्षणी दोऱ्यापासून दोरखंडापर्यंत सर्व काही हजर होते, पण स्ट्रिंग नव्हती. शेवटी मालकांनी पांढरी, पिळाची, काडीएवढ्या जाडीची सुती दोरी पुढे केली आणि ती सर्वांना पटली.

“एक मीटर द्या.”

“मीटरवर नाही मिळत ओ. दोरी किलोवर असते.”

मी आग्रहच धरला, तेव्हा त्यांनी एक मीटर तुकडा मोजून इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. काट्याने शून्य दाखवले. मालकांनी माझ्याकडे पाहिले, मी काट्याकडे पाहिले आणि अर्धा किलोचा गुंडा घेऊन घरी आलो. संस्कृतात ‘गुण’ या शब्दाचा एक अर्थ दोरी असा आहे, हे मला वाटेत आठवले. म्हणजे मी शाळेला एक मीटर गुण दिले होते आणि शाळेने मला शून्य दिले. बाजारात पुन्हा तेच झाले.

रात्री मी इंग्रजी शब्दकोश काढला. ट्वाइन म्हणजे दोन किंवा अधिक पदर एकत्र पिळून केलेली मजबूत स्ट्रिंग, असे त्यात स्पष्ट छापलेले आहे. तो शब्दच ‘दोन’ या अर्थाच्या मुळातून आलेला आहे. म्हणजे ट्वाइन ही स्ट्रिंगच असते, जशी म्हैस हे जनावरच असते. मी वहीत शेऱ्याखाली उत्तर लिहायला घेतले. त्यात पीळ आला, काउंट आला, घेवडाही आला आणि दीड पान झाले. बायकोने ते उभ्याउभ्या वाचले.

“तिला अजून नऊ वर्षं त्याच शाळेत काढायची आहेत,” एवढेच ती म्हणाली आणि पाने शिलाईपासून हळूच सोडवून घेतली. वही दोऱ्याने शिवलेली असल्यामुळे त्यांच्या जोडीची मागची कोरी पानेही निघाली.

पांढऱ्या दोरीचे काय झाले, असे मी दुसऱ्या दिवशी मुलीला विचारले. कागदी मण्यांच्या भोकांतून ती जाईना, म्हणून बाईंनी सगळ्यांना लोकर दिली, असे तिने सांगितले. उरलेला गुंडा गच्चीत पडून आहे. त्यावर सोलापुरातल्या सगळ्या चादरी वाळत घालता येतील. शेऱ्याखाली मी सही केली. सहीच्या शेवटी मात्र एक पीळदार रेघ ओढली आहे, झेडच्या अंगाची.