कंपू

आमच्या पुण्याच्या कॉलेजातील जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आठवडाभर एकच वाद चालू आहे. शिकायला म्हणून पुण्यात येणारी बाहेरच्या राज्यांतील मुले आपापला कंपू करून राहतात, चार-चार वर्षे काढूनही मराठी शिकत नाहीत आणि इथल्या मुलांशी मैत्री करण्याची त्यांना गरजच वाटत नाही, अशी तक्रार एकाने केली आणि बाकीच्यांनी तिच्याखाली अंगठ्यांची रास घातली. एवढ्यावर थांबले असते तर मी गप्प बसलो असतो. पण कोणीतरी माझे नाव घेऊन लिहिले, ‘हा बघा, जर्मनीत जाऊन जर्मन शिकला. याला जमते, मग त्यांना काय धाड भरली आहे?’

प्रथम मला बरे वाटले, हे कबूल करतो. मी लांबलचक उत्तरही लिहायला घेतले. आखेनला आलो तेव्हा माझा अभ्यासक्रम इंग्रजीत होता, जर्मनवाचून काही अडणार नव्हते, तरी संध्याकाळचे वर्ग करून मी बी-१ची, म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीची, परीक्षा दिली, हे त्यात पहिल्याच वाक्यात आले. इथली विद्यापीठे नवख्या मुलांसाठी जे करतात त्याच्या पासंगालाही आपली कॉलेजे पुरणार नाहीत, हेही आले. ऑक्टोबरात एर्स्टीवोखे, म्हणजे नवख्यांच्या स्वागताचा आठवडा, असतो; फाखशाफ्टची, म्हणजे विभागाच्या विद्यार्थी मंडळाची, मुले नवख्यांचे गट करून त्यांना गावभर हिंडवतात. होखशूलश्पोर्टमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खेळवर्गांत, वाटेल त्या खेळाला नाव घालता येते. पहिल्या दिवसापासून सगळी मुले एकमेकांना ‘डू’, म्हणजे ‘तू’, म्हणतात. टँडेममध्ये आपण आपली भाषा शिकवायची आणि समोरच्याची शिकायची. (मी मराठी शिकवायला तयार होतो; घेणारा मिळाला नाही.)

उत्तर पाठवले मात्र नाही, कारण एर्स्टीवोखेतल्या माझ्या गटातील एकाशीही पुढे माझी ओळख राहिली नाही, ही गोष्ट मी त्यात सोयीस्करपणे गाळली होती. पहिल्याच आठवड्यात वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून ‘अरे, जिरे कुठे ठेवलेस?’ असे ऐकू आले आणि त्या ‘अरे’ने माझा मैत्रीचा प्रश्न मिटला. २०२३-२४ च्या सत्रात जर्मनीत ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. संख्या अशी वाढली की कंपू करावा लागत नाही, तो आयता मिळतो.

कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास आणि जिवलग मैत्री व्हायला २०० हून अधिक तास सोबत घालवावे लागतात, असे दिसले. माझे सगळे तास त्या स्वयंपाकघरात गेले. पुढे आम्ही वेगे, म्हणजे अनेकांनी मिळून राहायची भाड्याची जागा, घेतली, तिच्यात हानोफरकडचा एक जर्मन मुलगा होता. सातच्या सुमाराला तो पाव-चीज घेऊन टेबलाशी येऊन बसे. आम्ही हसलो की तोही हसे. मग कोणीतरी तो विनोद इंग्रजीत सांगे, तोवर त्या विनोदाचा जीव गेलेला असे. तिसऱ्या महिन्यापासून तो ताटली घेऊन आपल्या खोलीत जाऊ लागला, आणि दार लागल्यावर आम्ही म्हणालो, जर्मन माणसे थंडच. ज्याला मी इतका मिरवतो तो बी-१ तेव्हा माझ्या खिशातच होता.

पुण्याने कधीकाळी याहून बरे वागून दाखवले आहे. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना त्यांना एक मुलगी खिडकीतून एका मुलाला जेवण देताना दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की मुलगा मॉरिशसचा आहे आणि काविळीने आजारी आहे. परक्या मुलांचे हे एकटेपण पाहून त्यांनी १९७१ साली सिंबायोसिस सुरू केली. ही गोष्ट ग्रुपवर टाकून सगळ्यांना गप्प करावे, असा मोह मला झाला.

पण मग पुण्याच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला आमचा बेंच आठवला. वर्षभर माझ्या शेजारी एक मणिपुरी मुलगा होता. तो रीडिंग सांगे, मी ते जर्नलमध्ये उतरवून घेई. त्याचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले होते, एवढे मला ठाऊक आहे. त्याचे गाव कोणते, सुट्टीत तो कुठे जाई, जेवायला कोणाबरोबर बसे, हे मी कधी विचारले नाही. तो मराठी शिकला नाही, हे खरे. आम्ही त्याच्याशी मराठीत बोलायला जातच नव्हतो.

ग्रुपवर आमच्या वर्गातील जवळजवळ सगळे आहेत, तो नाही. त्याला कोणी का घेतले नाही, हे विचारायला म्हणून मी काल रात्री फोन हातात घेतला, तेव्हा ग्रुप मीच तयार केला होता हे लक्षात आले.