स्क्रीनवरचा तो नंबर कंपनीचा नसतो

मंगळवारी दुपारी साडेतीनला मामीचा फोन आला. "अगं, ह्यांनी कुणाला तरी फोन लावलाय आणि कॉम्प्युटरवरचा बाण आपोआप फिरायलाय. हे नुसते बघत बसलेत. काय करू?" मी क्लासमध्ये मुलांना एक्सेल शिकवत होते. म्हटलं, "मामी, भिंतीवरचं बटण बंद करा. आत्ताच्या आत्ता. मामांना विचारू नका." त्यांनी केलं. मामांच्या यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच गेली होती, म्हणून स्क्रीन लगेच काळी झाली. तोवर बँकेचं पान उघडलेलं होतं, युजर आयडी भरून झाला होता आणि मामा पासवर्डची वही हातात घेऊन बसले होते.

सांगलीतच विश्रामबागहून गावभागात पोचले तेव्हा मामा टेबलापाशी तसेच बसलेले. समोर पाठकोरा कागद, त्यावर त्यांच्या सुरेख अक्षरात लिहिलेलं: "एरर – १४७. संरक्षण ५ वर्षे – रु. ४,९९९." हायस्कूलच्या ऑफिसात एकतीस वर्षं हिशेब सांभाळलेला हा माणूस. कॅशबुकात रुपयाचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत घरी न येणारा. त्यांना कुणी भोळं म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. त्यांना इथवर आणलं एका मेसेजने.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे महिनाभरात चार ग्रुपांवरून आलाय. "कॉम्प्युटर इंजिनिअरचे ९ गुप्त उपाय, दुकानदार तुम्हाला कधीच सांगणार नाहीत!!" त्यातले उपाय थोडक्यात असे: डेस्कटॉपवर वीस वेळा रिफ्रेश करा, टेम्प आणि प्रीफेच हे फोल्डर रोज रिकामे करा, दर रविवारी डीफ्रॅग करा, विंडोजचा डिफेंडर वेग खातो, तो बंद करा, अपडेट कायमचे बंद करा, व्हायरसचा लाल इशारा आला तर स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरवर लगेच फोन करा, तो कंपनीचा मोफत नंबर असतो, मशीन अडकलं तर थेट मेन बटण बंद करा, चालू होत नसेल तर रॅम खोडरबराने घासा, पाणी गेलं तर तांदळात ठेवा. आणि शेवटी अर्थातच, सर्वांना पाठवा.

सहाव्या, म्हणजे स्क्रीनवरच्या नंबरला फोन करायच्या उपायापासून सुरू करते, कारण बाकीच्यांनी फार तर मशीन बिघडेल, ह्याने घर बसेल.

मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या मदतीच्या पानावर स्वच्छ लिहून ठेवलंय की त्यांच्या खऱ्या चुकीच्या किंवा धोक्याच्या सूचनेत फोन नंबर कधीही नसतो. कधीही. हे एक वाक्य पाठ असलं तरी पुरे आहे. स्क्रीनवर इशारा आणि त्यात नंबर दिसला, की समजायचं तो चोराचा आहे. मग त्यावर कंपनीचं चिन्ह असो, भोंगा वाजत असो, की "बंद केल्यास सर्व डेटा नष्ट होईल" असं लिहिलेलं असो.

तो लाल इशारा म्हणजे निव्वळ एक वेबपान असतं. मामा मराठी टायपिंगचा फॉन्ट शोधत होते, जाहिरातीतलं हिरवं "डाउनलोड" बटण दाबलं गेलं आणि ते पान उघडलं. ते सगळा पडदा व्यापतं, आवाज काढतं, वरची फुली दिसू देत नाही. मशीनमध्ये व्हायरस आहे की नाही हे त्या पानाला कळायचा मार्गच नसतो. एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरा, म्हणजे बहुतेक वेळा पूर्ण पडदा सुटतो आणि फुली दिसते. नाही सुटला तर ऑल्ट आणि एफ-फोर. तेही नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडा, एंड टास्क करा. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर "आधीची पानं परत आणू का" असं विचारेल, तिथे नाही म्हणा. इतकंच काम आहे.

मामांनी फोन लावला. पलीकडचा माणूस अदबीने बोलला, "सर" म्हणाला, आधी एक ॲप घ्यायला लावलं. दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवायचं ॲप. अशी ॲप्स मुळात वाईट नसतात, मीसुद्धा विद्यार्थ्यांची मशीनं तशीच बघते. पण त्यातला नऊ-दहा आकडी कोड अनोळखी माणसाला सांगणं म्हणजे किल्ली देऊन आपण ओसरीवर बसणं. मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडलं आणि लाल खुणा मोजून दाखवल्या. एकशे सत्तेचाळीस. मामांनी त्या इमानदारीने कागदावर उतरवल्या.

ही इव्हेंट व्ह्यूअरची चलाखी फार जुनी आहे आणि दर वेळी लागू पडते, कारण ते पान बघायची आपल्याला कधी गरजच पडत नाही. ती विंडोजची रोजनिशी आहे. एखादी सेवा सुरू व्हायला दोन सेकंद उशीर झाला, प्रिंटर सापडला नाही, तरी तिथे नोंद पडते. धडधाकट मशीनवरही तिथे लाल-पिवळ्या खुणा असतातच. दुसऱ्या दिवशी मी मामांना क्लासमध्ये आणलं आणि रोज आठ तास बिनतक्रार चालणाऱ्या मशीनवर तेच पान उघडून दिलं. त्यांनी स्वतः मोजलं. दोनशे बारा. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

हा धंदा किती मोठा आहे ते बघा. २०२३ च्या ऑक्टोबरात सीबीआयने "ऑपरेशन चक्र-२" मध्ये देशभर ७६ ठिकाणी छापे घातले. त्यातली काही प्रकरणं मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून होती: तांत्रिक मदतीच्या नावाने परदेशातल्या लोकांना लुटणारी कॉल सेंटरं. तीच युक्ती आता गावभागात मराठी मेसेजच्या पाठीवर बसून आलीय.

आणि चौथा उपाय ह्याच्या जोडीला वाचा. डिफेंडर बंद करा. आधी कडी काढायला सांगायचं आणि मग चोराचा नंबर द्यायचा. मेसेज लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केलं की अडाणीपणाने, मला ठरवता येत नाही, पण परिणाम एकच. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, व्हायरसविरोधी संरक्षण, म्हणजेच हा डिफेंडर, विंडोजमध्येच येतं, फुकट. जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर त्याचं स्कॅन सुरू असताना मशीन जड होतं, हे मी नाकारत नाही. पण त्याला उपाय म्हणजे स्कॅनची वेळ बदलणं. सेटिंगमधून तुम्ही ते बंद केलंत तरी विंडोज थोड्या वेळाने ते आपणहून परत चालू करतं. तुमच्या मशीनला जे कळतं ते ह्या "इंजिनिअर"ला कळत नाही.

कुणी फसलंच असेल तर लाज बाळगू नका. आधी इंटरनेट तोडा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, मग १९३० वर फोन करा. तो सरकारी सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटलंय की पासवर्ड किंवा ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्या माथी. म्हणून "मुलगा पुण्याहून शनिवारी येईल, मग बघू" हे चालत नाही. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून. मामांच्या मशीनवर मी विंडोज नव्याने टाकलं, कारण त्या वीस मिनिटांत आत काय ठेवलं गेलं ह्याची खात्री कुणी द्यायची?

पाचवा उपाय, अपडेट बंद. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा, फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, इंग्लंडमधली अनेक सरकारी रुग्णालयं ठप्प झाली. ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारं अपडेट त्याच वर्षी १४ मार्चला आलेलं होतं. दोन महिने आधी. ज्यांनी ते घेतलं नव्हतं ते सापडले. अपडेट नको त्या वेळी सुरू होतं ही तक्रार खरी आहे. त्यासाठी सेटिंगमध्ये आपल्या कामाचे तास सांगता येतात. आणि विंडोज १० चा आधार, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेटं देणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा त्यावर बँकेचे व्यवहार करणाऱ्यांनी मशीन बदलायचं की विंडोज, ह्याचा विचार लांबवू नये.

आता तांदूळ. सांगलीत राहून हा उपाय पुढे पाठवणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आपण सगळ्यांनी बघितलंय, पाणी घरात शिरतं तेव्हा नुसतं पाणी येत नाही, गाळ येतो. पूर ओसरल्यावर माझ्याकडे लोक पिशव्यांतून सीपीयू घेऊन यायचे. एका काकूंनी लेकीच्या लग्नाचे फोटो असलेला लॅपटॉप चार दिवस इंद्रायणीच्या डब्यात पुरून ठेवला होता. चार्जरच्या भोकात एक दाणा फुगून अडकलेला. पिन लावून काढावा लागला. आत बोर्डावर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड आलेली, गंज. तांदळाने आतला गाळ निघत नाही की गंज थांबत नाही, उलट त्याची पूड आणि कणी आत जाते. ॲपलनेही २०२४ मध्ये भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका असं सांगितलंय. आणि त्या घरात त्याहून वाईट गोष्ट झाली होती: "सुकला असेल" म्हणून मुलाने मशीन सुरू करून बघितलं. पाण्यातून आलेल्या मशीनला वीज द्यायची नाही. बॅटरी निघत असेल तर काढा, आणि आत फोटो-कागद असतील तर हार्ड डिस्क चालू न करता डेटा काढून देणाऱ्याकडे न्या. चिखल लागलेली तबकडी फिरली की वरचा थर खरवडला जातो आणि मग कुणाचाच इलाज चालत नाही. ते फोटो मिळाले नाहीत.

पहिल्या तीन उपायांवर फार शाई खर्च करणार नाही. रिफ्रेशने डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा रंगतात, बास; वेग वाढत नाही. टेम्प फोल्डर अधूनमधून साफ केला तर जागा मिळते, हे मान्य. प्रीफेच मात्र कार्यक्रम लवकर उघडावेत म्हणून विंडोजने केलेली टिपणं आहेत; रोज पुसलीत तर रोज नव्याने लिहावी लागतील. डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे एकत्र लावणं, फिरत्या हार्ड डिस्कसाठी ठीक, आणि ते विंडोज आपलं आपण ठरल्या वेळी करतं. एसएसडीला, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपच्या डिस्कला, त्याची गरज नाही, उगाच झीज होते. मशीन खरंच संथ असेल तर टास्क मॅनेजर उघडून बघा, डिस्कचा आकडा सारखा १०० टक्क्यांवर असेल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका. त्या एका बदलाने जुनं मशीन आणखी काही वर्षं चालतं.

सातवा उपाय, थेट मेन बटण बंद करायचा, अर्धा खरा आहे, आणि मंगळवारी मीच तो मामीला सांगितला, हे लपवणार नाही. आग लागली तर पाणी ओततात, म्हणून रोज घरात पाणी ओतायचं नसतं. अपडेट सुरू असताना वीज तोडली तर विंडोज बिघडू शकतं. अडकलेलं मशीन बंद करायचं तर पुढचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. आणि नेहमीच्या कुरबुरींना शट डाउनपेक्षा रीस्टार्ट बरा, कारण नव्या विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करूनही आतला बराच भाग तसाच जपून ठेवला जातो.

आठवा उपायही खरा आहे, जिवावर आलं तरी म्हणते. चालू करताना बीप-बीप वाजत असेल आणि पडदा काळा राहत असेल, तर रॅम काढून तिचे सोनेरी दात मऊ खोडरबराने हलके पुसले की पुष्कळदा काम होतं. दुकानातही तेच करतात. फक्त वायर काढून, आधी सीपीयूच्या उघड्या पत्र्याला हात लावून, आणि रबराचा चुरा झाडून मगच परत बसवा. त्याहून जास्त वेळा दोष धुळीचा असतो, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानातला सीपीयू उघडला होता, पंखा आणि त्याखालच्या पट्ट्या अशा पिवळ्या थराने बंद झालेल्या की बोटाने सोलून निघत होत्या. दर दहा मिनिटांनी मशीन आपोआप बंद पडायचं. मालकाने दोनदा फॉरमॅट मारून घेतलं होतं, पैसे देऊन. दुकानदारांबद्दल मेसेज जे म्हणतो त्यात एवढं तथ्य आहे: काहीजण न बघता फॉरमॅट मारतात. आपल्याला करायचं ते इतकंच की वायर काढायची, पंखा काडीने अडवून धरायचा आणि ब्लोअर मारायचा.

मामांनी तो मेसेज स्वतः तीन ग्रुपांवर पाठवला होता. हायस्कूलच्या निवृत्तांचा, भजनी मंडळाचा आणि आमच्या घरचा. वेळ टळून गेल्यामुळे आता तो सगळ्यांच्या फोनवरून डिलीट होत नाही. बुधवारी संध्याकाळी त्यांनी वहीत नावं उतरवली, ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे त्यांच्यापुढे फुली केली, आणि एकेकाला फोन करायला बसले. पहिलं वाक्य दर वेळी तेच, "मी पाठवलेला सहावा मुद्दा खोटा आहे, नंबर लावू नका." हे लिहीपर्यंत त्यांचे सतरा फोन झालेत. अजून नऊ राहिलेत.