गप्पी, हीटर आणि अर्थिंगचा खड्डा

लेकीला कुत्रं पाहिजे होतं, मी मासे आणले. म्हणलं भुंकत नाहीत, फिरवायला न्यायला नको, गावाला जाताना शेजाऱ्यांच्या पाया पडायला नको. दोन फूट बाय एक बाय एकची काचेची टाकी, आठ गप्पी, दोन एंजल, तळाला निळे खडे आणि तोंड उघडझाप करणारा एक प्लॅस्टिकचा खेकडा. दिवाळीपर्यंत सगळं झकास चाललं होतं. मग साताऱ्यात थंडी पडली.

आमचं घर यवतेश्वरच्या बाजूला, डोंगरावरनं उतरलेला वारा आधी आमच्या हॉलमध्ये हजेरी लावतो आणि मग खाली राजवाड्याकडं जातो. पारा बारा-तेरावर आला की आम्ही स्वेटर-कानटोपी चढवतो, पण गप्पीला कानटोपी घालायची कुठं? एक दिवस सकाळी बघतो तर सगळे तळाला जाऊन बसलेले, हालचाल नाही, ("गप्पी नावाला जागले" इति बायको), आणि एंजलच्या पंखांवर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "व्हाइट स्पॉट हाय तो. जंतू असतो ओ, मासा गारठला की बरोबर डाव साधतो. औषध देतो, पण हीटर नाय घातला तर औषध काय कामाचं?" या माशांना म्हणे २४ ते २८ डिग्री लागतात. गोल्डफिश घेतले असते तर ही वेळ आली नसती, ते गार पाण्यातलेच, पण लेकीला ते "फार जाडे" वाटले होते.

दुकानात गेलो तर पठ्ठ्यानं ३०० वॅटचा हीटर हातात ठेवला, "थंडी लय हाय, मोठाच न्या." मोठं ते चांगलं या हिशोबानंच आपण आयुष्यभर वस्तू घेतो, घेतला. घरी भाचा आलेला, बारावी सायन्स, त्यानं टाकी मोजली, साधारण ५० लिटर पाणी धरलं आणि कागदावर गुणाकार करत म्हणाला, मामा, याचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की हीटर बंद करणारा भाग, आतल्या आत चिकटला ना तर पाणी दर बारा मिनिटाला एक डिग्री तापणार. लिटरला एक वॅट पुरतो, तुम्ही सहापट आणलाय. म्हणजे रात्री अकराला चिकटला तर सकाळी सहाला काय, हे मी विचारलं नाही. बायको म्हणाली, "कालवण."

त्यानंतर मी आठवडाभर झोपलो नाही असं म्हणलं तर खोटं आहे, पण रात्री दोनला आणि साडेचारला उठून मोबाईलच्या उजेडात काचेवरचा थर्मामीटर बघायचो हे खरं. लेक तापानं फणफणली होती तेव्हा तिचा ताप मी एवढ्या वेळा बघितला नव्हता आणि हे मला पुढं दोन महिने ऐकवण्यात आलं.

मग तो रविवार. टाकीतलं थोडं पाणी काढून ताजं भरायचं होतं. हीटरची पिन काढायची असते हे मला माहिती होतं, म्हणजे डब्यावर लिहिलेलं मी वाचलेलं होतं. पाणी उपसताना हीटर निम्मा उघडा पडला आणि कोरडा तापत बसला, मी आपला गाणं गुणगुणत वरनं गार पाण्याची बादली ओतली. टच्च असा आवाज आला. खडा पडला असंल म्हणून सोडून दिलं. संध्याकाळी खेकडा सरळ करायला पाण्यात हात घातला आणि कोपरापर्यंत अशा झिणझिण्या आल्या की मी मागच्या सोफ्यावर बसलेल्या आईच्या मांडीवर जाऊन पडलो. चाळीस वर्षांनी.

मासे मात्र मजेत फिरत होते.

समोरचे काका रिटायर वायरमन, त्यांना बोलावलं. त्यांनी आधी पिन काढायला लावली, हीटर बाहेर घेतला, काचेला केसाएवढी चीर दाखवली. मी विचारलं, मग मासे कसे जिवंत? "तारेवरच्या चिमणीला कुठं काय होतं? सगळा मासा त्याच करंटमध्ये बुडालाय, त्याच्यातनं जमिनीकडं जायला वाट नाय. वाट तू दिलीस, अनवाणी पायानं." मग त्यांनी सॉकेट उघडलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. तिसऱ्या भोकाला, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणाऱ्या अर्थिंगला, वायरच नव्हती. पूर्ण घरात नव्हती. आजोबांनी घर बांधलं तेव्हापासनं आमची अर्थिंग नुसती शोभेची. आणि तेव्हा मला बादलीत रॉड टाकून पाणी तापवायचे ते दिवस आठवले, नळाला हात लागला की झटका बसायचा आणि आजोबा म्हणायचे, थोडा करंट अंगाला चांगला असतो, आळस जातो. आम्ही त्याला आंघोळीचा भाग समजायचो.

दोन हजारांच्या माशांसाठी मग परसात खड्डा सुरू झाला. वर मुरूम, खाली काळा पाषाण, दोन माणसं दीड दिवस पहार मारत होती. खड्ड्यात तांब्याची प्लेट, तिच्याभोवती कोळसा-मीठ, कोळसा-मीठ असे थर. एवढ्या मिठात दोन वर्षांचं लोणचं झालं असतं असं आईनं मोठ्यानं सांगितलं. वर मेन स्विचपाशी ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसला, म्हणजे करंट गळायला लागला की तो खटकन सप्लाय तोडतो. पहिल्याच दिवशी तो सहा वेळा पडला. इस्त्री लावली, पडला. मिक्सर लावला, पडला. माळ्यावरनं आजोबांचा रॉड काढून लावायचा प्रयत्न केला तर पाण्यात बुडताक्षणी पडला. एक हीटर फुटला आणि सगळं घर किती वर्षं गळतंय ते कळलं.

आता ५० वॅटचा हीटर आहे, टाकीत अगदी खाली आडवा, पाणी उपसलं तरी बुडालेला राहतो. वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन सोडलीय, पाण्याचा थेंब वायरीवरनं घरंगळला तर झोलावरनं खाली पडावा, सॉकेटात जाऊ नये. ("वायरीला पोट सोड," काका म्हणाले, "तुझ्यासारखं.") काचेवर लेकीनं स्केचपेननं लिहिलंय: आधी पिन काढणे, पंधरा मिनिटे थांबणे, मग हात घालणे. खाली कंसात, बाबांसाठी. रात्री लाईट गेली की टाकीवर माणदेशी घोंगडं पडतं, जे आजोबांचं आहे आणि जे मला कधी पांघरायला मिळालं नाही.

काका जाता जाता सांगून गेले होते की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडू द्यायचा नाही, पाणी घालत राहायचं. ते काम आईनं घेतलं. सकाळी तुळशीला तांब्या घालते आणि उरलेलं पाणी खड्ड्यात. मागच्या महिन्यापासनं खड्ड्याच्या झाकणाला हळद-कुंकूपण लागायला लागलंय. परवा लेकीनं विचारलं, आजी हा कुठला देव? आई म्हणाली, करंटोबा.